खुंटलंय की रेंगाळलंय?

पत्राचा सारांश: कोकणातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 44, आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी. घरी पत्नी, आई आणि दोन मुलं. थोरला नववीत, चौदा पूर्ण होऊन महिना-दीड महिना झाला, उंची 143 सेंटिमीटर. वर्गात सगळ्यांत बुटका, प्रार्थनेच्या रांगेत अजून पहिला. यंदा कबड्डीच्या संघातून त्याला वगळलं. 'उंची वाढवणारी' पावडर वर्षभर चालू आहे. पडवीच्या तुळईला लोखंडी दांडा बांधून त्याला रोज सकाळी लोंबकळायला लावतात. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीला उभं करून माप घेतात. मुलगा हल्ली ताट घेऊन मागच्या दारी एकटाच जेवतो. तालुक्याच्या गावी व्यायामशाळा चालवणाऱ्या एकाने 'सहा महिन्यांत चार इंच' असं सांगून इंजेक्शनांचा कोर्स सुचवला आहे आणि दोन हजार रुपये आगाऊ देऊनही झाले आहेत. पत्रातलं एक वाक्य त्यांच्याच शब्दांत: "पिशवीत खुंटलेलं रोप नंतर कितीही खत घाला, वर येत नाही, हे मी रोज बघतो." आणि शेवटी: "मला दापोलीला शिकायला जायचं होतं. वडील अंथरुणाला खिळले आणि माझं तिथेच खुंटलं. पोराचं खुंटू नये एवढंच." काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार.

कलमांबद्दल तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की वाचताना मजा आली. बाठ्याचा, म्हणजे आंब्याच्या कोयीचा, कोंब कोवळा, तांबूस असतानाच काडी का भरायची, कुठलं कलम गिऱ्हाइकाने मागितलं तरी विकायचं नाही, सगळं आहे. मुलाबद्दल मात्र पत्रात एक आकडा आहे आणि एक निकाल आहे. आकडा 143 आणि निकाल 'खुंटला'.

पण पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही चौकटीवरच्या जुन्या खुणांचे आकडे उतरवून दिलेत, ते बरं केलंत. दहाव्या वाढदिवसाला 124. अकराव्याला 129. बाराव्याला एकशे साडेतेहतीस, म्हणजे 133.5. तेराव्याला 138, चौदाव्याला 142.5. आता जरा वहीत वजाबाक्या मांडा. पाच, साडेचार, साडेचार, साडेचार. यातल्या कुठल्या वर्षी तो थांबला? एकाही नाही. वाढ खुंटली असती तर खुणा एकमेकींवर चढल्या असत्या. इथे त्या जवळपास सारख्या अंतराने वर गेल्या आहेत.

मग वर्गातली पोरं त्याला टाकून पुढे गेली कशी? तर ती वयात आली म्हणून. चार वर्षांच्या पुढे, वयात येईपर्यंत, मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं आणि वयात येण्याच्या अगदी आधी हा वेग थोडा मंदावतोही. मग एकदम उसळी येते. मुलग्यांमध्ये तिचा सगळ्यांत जोराचा काळ सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास, आणि त्या एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढणं अगदी सामान्य. वयात येण्याची सुरुवात मात्र कुणाची नवव्या वर्षी होते, कुणाची चौदाव्या. त्यामुळे आठवी-नववीच्या वर्गात एकाच बाकावर एक मिशी फुटलेला बाप्या आणि एक पोर शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि दोघांच्या जन्मतारखेत आठवड्याचाही फरक नसतो. तुमचा मुलगा आपल्या चालीने चाललाय. बाकीचे पळायला लागले.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही लिहिता, "दहावीच्या ग्रुप फोटोत मीही पहिल्या ओळीत मांडी घालून बसलोय, पण आमचा काळ वेगळा होता, खायला नव्हतं." आणि पुढच्याच पानावर, आईच्या कष्टांबद्दल सांगताना, की बारावीच्या वर्षात तिने तुमच्या एकाच पँटची दुमड दोनदा उसवून लांब केली. काळ वेगळा होता हे खरं. पण सतरा-अठराव्या वर्षी वर्षभरात दोनदा पँट आखूड होणारा मुलगा म्हणजे उशिरा वाढलेला मुलगा. हे घराण्यातून येतं. आईची पाळी उशिरा सुरू झाली असेल, वडील कॉलेजात जाऊन वाढले असतील, तर मुलंही तशीच रेंगाळतात आणि मग गाठतात. बुटक्या मुलग्यांच्या बाबतीत हे सगळ्यांत नेहमी आढळणाऱ्या कारणांपैकी एक आहे. तुमच्या आईला विचारा, फोटो काढा, मुलाला दाखवा. हे तुम्ही अजून केलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं.

एक ढोबळ हिशोबही सांगते. डॉक्टर तो पहिल्याच भेटीत करतात. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. तुम्ही 165, पत्नी 153. उत्तर येतं एकशे साडेपासष्ट. त्याच्या मागेपुढे आठेक सेंटिमीटर धरा. म्हणजे तो बहुधा तुमच्याएवढा होईल. सहा फुटी होणार नाही. पावडर बनवणाऱ्या कंपनीने टीव्हीवर कितीही उंच पोरं नाचवली तरी नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, पिशवीत खुंटलेल्या रोपाच्या. त्याच्याशी मला थोडं भांडायचंय, कारण अख्खं पत्र त्या एका वाक्यावर उभं आहे.

बारकं राहिलेलं रोप दिसलं की तुम्ही आधी काय करता? लगेच युरिया टाकत नाही. पिशवी बाजूने फाडून मुळं बघता. तळाशी मुळांचा वेटोळा झालेला असला तर तुमचं म्हणणं बरोबर. ते रोप लावलं तरी दोन-तीन पावसाळे तसंच बसतं आणि एखाद्या वादळात आडवं होतं. पण वेळीच वेटोळा कापून मोठ्या पिशवीत घेतलेली काही सावरतातही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिवाय बारकं राहण्याचं ते एकच कारण नाही. पानं आकसून बोकड्या झाली असतील तर रोग. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहासारखं काही कमी पडतंय. आणि काही वेळा तर काहीच बिघडलेलं नसतं.

महाबळेश्वरच्या पठारावरचं रान बघितलं असेल. जांभूळ, अंजनी, पिसा. खाली तुमच्या वाडीत जांभूळ कौलांच्या वर जातं. तेच जांभूळ तिथे जांभ्या दगडावरच्या पातळ मातीत आणि पावसाळी वाऱ्यात बुटकं, गाठाळ, वाकडं उभं असतं. ते खुंटलंय का? उंचीने म्हणाल तर हो. पण फुलतं, फळतं, त्याच्याखाली पुढची रोपं येतात. त्या जागेत ज्याने उंच व्हायचा प्रयत्न केला असता ते पहिल्या आषाढातच मोडलं असतं. सह्याद्रीच्या दाट सदाहरित रानात याच्या उलट गोष्ट चालते. तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत रोपं वर्षानुवर्षं गुडघाभरच राहतात. बघणाऱ्याला वाटतं, यांचं संपलं. वरचं एखादं जुनं झाड कोसळून ऊन खाली उतरलं की त्यातलीच काही सरसर वर निघतात.

आणि कल्टारचं काय? हापूसच्या बागांना पावसाळ्यात बुंध्याशी हे पॅक्लोब्युट्राझोलचं औषध देतात ते कशासाठी? झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं, ते दाबायचं, पालवी रोखायची, म्हणजे मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. वाढ थांबवायला आपण रोख पैसे मोजतो! मात्रा जास्त झाली की फांद्या आखूड, पालवी गुच्छासारखी, आणि मग तेच शेतकरी झाड खुंटलं म्हणून तुमच्याकडे येतात.

तेव्हा निसर्गाचा नियम म्हणून तुम्ही जो सांगता तो नियम नाही. रोगाने अडलेलं, उपाशी राहिलेलं, थांबून राहिलेलं, आणि जातीनेच किंवा जागेनेच लहान पण पूर्ण झालेलं, ही सगळी लांबून सारखीच दिसतात. एका दिवसाच्या मापावरून ती वेगळी काढता येत नाहीत. रोज रोपं बघणाऱ्या माणसाला हे मी शिकवू नये, पण घरच्या पोराकडे आपण कोणीच त्या डोळ्यांनी बघत नाही.

आता दुसरी बाजू, कारण एवढं वाचून तुम्ही 'म्हणजे वाट बघायची' असं समजून पत्र मिटवाल अशी मला भीती आहे.

वाट बघायची नाही. इथे झाड आणि मूल यांच्यात मोठा फरक आहे. झाडाच्या शेंड्यात आणि सालीखाली वाढणाऱ्या पेशी ते जिवंत असेपर्यंत काम करत राहतात. दहा वर्षं दबलेलं झाडही अकराव्या वर्षी वाढू शकतं. माणसाची उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमधून, ज्यांना डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. वयात येण्याच्या शेवटी त्या पट्ट्या हाडात मिटून जातात, मुलींच्या साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान, मुलग्यांच्या सोळा ते अठरा. मिटल्या की संपलं. मग जगातलं कुठलंही औषध उंची वाढवत नाही. म्हणून ज्या थोड्या मुलांमध्ये खरंच काही बिघडलेलं असतं त्यांच्या बाबतीत 'वाढेल हो, आमचाही असाच होता' म्हणत घालवलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत. आणि तुमच्या मुलाचा साडेचारचा वेग सीमेवरचा आहे. बहुधा उशिराचंच प्रकरण, पण 'बहुधा' हे मी दुरून म्हणते आहे. ते तपासून घ्या, आणि याच महिन्यात घ्या.

आधी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञाकडे. चौदा वर्षांचा मुलगा बालरोगतज्ज्ञाचाच पेशंट असतो. त्याला लाज वाटेल, वाटू द्या. बरोबर चौकटीवरचे आकडे तारखांसह, जन्माचं वजन, शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड मिळालं तर ते, आणि तुमची दोघांची उंची अंदाजाने नाही तर मोजून. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या नोंदी शाळेत असतात, क्लार्ककडे मागा. डॉक्टर हे आकडे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली पाच ते अठरा वयासाठी काढलेल्या तक्त्यावर मांडतील. तुमच्या मुलाचे ठिपके सगळ्यांत खालच्या रेषेच्या आसपास पडतील, त्याने घाबरू नका. ते रेषेला धरून चालले आहेत की रेषा सोडून खाली उतरत आहेत, हे बघायचं असतं.

मग बहुधा डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे. त्यावरून हाडांचं वय कळतं. मुलगा चौदाचा आणि हाडं साडेअकरा-बाराची असली तर आनंदाने घरी या; त्याच्याकडे बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं शिल्लक आहेत. रक्ताच्या तपासण्या होतील: हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंडाचं काम, आणि गव्हाच्या प्रथिनाने आतड्याला इजा करणाऱ्या सिलिअॅक आजाराची एक तपासणी. दम्यासाठी त्याला बरेच दिवस स्टेरॉइड दिलं गेलं असेल तर तेही आठवणीने सांगा. डॉक्टर त्याला कपडे काढून तपासतील, अंडकोष वाढायला लागलेत का हे बघतील, कारण मुलग्यात वयात येण्याची पहिली खूण मिशी नाही, ती वाढ असते. चौदा पूर्ण होऊनही तिथे काहीच बदल नसेल तर तेवढं एकच कारणही डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे. त्या वेळी तुम्ही बाहेर थांबा. गरज पडली तर ते कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोव्याला लहान मुलांच्या संप्रेरकांच्या डॉक्टरकडे पाठवतील. कारण उशीर एवढंच निघालं तर बहुतेकदा दर सहा महिन्यांनी माप घेण्यापलीकडे काही लागत नाही. मुलगा फारच खचलेला असेल तर काही डॉक्टर अगदी कमी मात्रेत थोडे महिने संप्रेरक देऊन सुरुवातीचा धक्का देतात. तो निर्णय त्यांचा.

पावडरीच्या डब्याबद्दल थोडक्यात. घटकांच्या यादीत साखर कितव्या नंबरावर आहे ते वाचा. पोटभर जेवणाऱ्या मुलाच्या उंचीत असल्या डब्याने भर पडत नाही, कंबरेत पडते. तेवढ्या पैशांत रोज एक अंडं, आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा, अधूनमधून कुळथाची पिठी आणि नाचणी भागते. शाळेत जंताची गोळी देतात ती तो खिडकीतून फेकत नाही ना, हे बघा. झोप मात्र मनावर घ्या. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत सगळ्यांत जास्त सुटतं, आणि रात्री साडेबारापर्यंत मोबाइल बघणारा मुलगा पहाटे दांड्याला लोंबकळून ते भरून काढू शकत नाही. लोंबकळण्याने हाड लांब होत नाही. सकाळी उठल्यावर आपण सगळेच संध्याकाळपेक्षा सुमारे सेंटिमीटरभर उंच असतो, मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर फुगलेल्या असतात म्हणून. दांड्याची जाहिरात करणारे याच सेंटिमीटरवर पोट भरतात. त्याला स्वतःला आवडत असेल तर लोंबकळू दे, खांदे मजबूत होतील.

आता त्या ताटाबद्दल. तो मागच्या दारी जाऊन जेवतो, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि 'हल्ली हट्टी झालाय' असं पुढे जोडलंत. मला पत्रात सगळ्यांत जास्त खटकलेली ओळ ती.

1948 च्या सुमाराची गोष्ट आहे. महायुद्धात भाजून निघालेल्या जर्मनीत अन्नाची टंचाई होती, आणि एल्सी विडोसन नावाच्या ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ तिथल्या दोन अनाथाश्रमांतल्या मुलांची वाढ मोजत होत्या. दोन्हीकडे सारखंच रेशन. सहा महिने नुसती मापं घेतली. मग एका आश्रमातल्या मुलांना जास्तीचा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस सुरू केला. ती मुलं जास्त वाढायला हवी होती. झालं उलटं. जास्तीचं खाणारी मुलं मागे पडली आणि साध्या रेशनवरची पुढे गेली. शोधलं तर कारण सापडलं ते ताटाच्या बाहेर. नेमक्या त्याच सुमाराला साध्या रेशनच्या आश्रमातल्या एका अधीक्षिकेची बदली दुसऱ्या आश्रमात झाली होती. बाई कडक. आणि मुलांना सगळ्यांदेखत फैलावर घेण्यासाठी त्या नेमकी जेवणाची वेळ निवडत. ताट समोर, सूप गार होतंय, आणि कुणाच्या तरी चुकांचा पाढा चाललाय. बाईंची लाडकी म्हणून ओळखली जाणारी मूठभर मुलं त्यांच्याबरोबर नव्या आश्रमात आली होती. ती मात्र छान वाढली. विडोसन यांनी हे 1951 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं.

तुम्ही ती बाई आहात असं मी म्हणत नाही. तुमचा मुलगा बोलण्यामुळे बुटका राहिला असंही नाही. वर्षाला साडेचार सेंटिमीटरची चाल तुमच्या फोटोशी जुळते. पण तुमच्या घरी जेवायला बसल्यावर काय बोललं जातं? "घे अजून एक भाकरी, बघ त्या अमक्याचा किती उंच झाला." आजी म्हणत असणार, "धाकटा गाठणार हो याला." सगळं मायेनेच, पण प्रत्येक घासाबरोबर. चौदा वर्षांच्या मुलाने यावर काढलेला मार्ग मला तर शहाणपणाचा वाटतो: ताट उचललं आणि बाहेर गेला. भांडला नाही.

घरात एकच नियम करा. जेवताना उंचीचा विषय नाही. कोणीच काढायचा नाही, आजीनेही नाही. आजीला तुम्हीच सांगा, सुनेकरवी नको. एक तारखेचं माप बंद. महिन्याला जे तीन-चार मिलिमीटर वाढायचं ते टेप तिरकी धरल्यानेही हरवतं, आणि दर महिन्याला त्याला चौकटीला उभं करून तुम्ही बाराही महिने नापासाचा निकाल त्याच्या हातात देता. सहा महिन्यांतून एकदा, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवं. आणि धाकट्याचंही त्याच दिवशी.

कबड्डीबद्दल शाळेत जाऊन भांडू नका. सरांना एकट्याने भेटून एवढंच विचारा की वजनगटात किंवा खो-खोत त्याला जागा आहे का. गावस्कर, तेंडुलकर यांची नावं मी मुद्दाम घेत नाही. बुटक्या मुलाला ती पहिल्या इयत्तेपासून ऐकवली जातात आणि त्यातून त्याला एकच कळतं, की आता आपल्याला निदान शतकांचं शतक तरी करावं लागेल.

तुमच्याबद्दल. शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतःचं आणि मुलाचं एका दाव्याला बांधलंत. दापोलीला जायचं राहिलं, याचं दुःख खरं आहे. वीस-पंचवीस वर्षं झाली म्हणून ते खोटं होत नाही, आणि 'नर्सरी किती छान चाललीये बघा' असं सांगून मी ते पुसणारही नाही. ज्या कोय कलमाच्या पद्धतीवर तुमचा धंदा उभा आहे ती दापोलीच्या कृषी विद्यापीठानेच घडवून कोकणभर पसरवली. त्या वर्गात बसायला मिळालं नाही ही सल कळते. पण ती सल तुमची आहे. मुलाच्या हाडांनी ती भरून काढायची नाही. दर महिन्याच्या मापात तुम्ही त्याच्याबरोबर स्वतःलाही मोजताय की काय, हे एकदा तपासा. आणि अजून शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात कृषीच्या पदविका आहेत, काम सांभाळून करता येतात. चव्वेचाळीस हे वय त्यांच्याकडे नवलाचं नाही. आता इच्छाच उरली नसेल तर तसं म्हणा, तेही चालेल. तुमच्या हिशोबात मात्र ते 'मुलासाठी राहिलंय' या खात्यात नको.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. पाच वर्षांखालच्या बाळाची उंची मागे पडत असेल तर वरचं 'रेंगाळलंय, गाठेल' हे तुमच्यासाठी नाही. ती वेगळी गोष्ट आहे: अपुरं अन्न, पुन्हा पुन्हा जुलाब, आईचंच अंग कमी, आणि गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत झालेलं नुकसान नंतर फार थोडं भरून निघतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 34.4 होता. म्हणजे सुधारलाही नाही. गोव्यात 25.8. अंगणवाडीत वजन करतात तशी उंचीही मोजून घ्या, मागून घ्या. दुसरं, मुलींबद्दल. मुलीच्या उंचीची पत्रं मला येतात ती तिचं लग्न बघायला लागल्यावर. तोवर तिच्या हाडांचं दार कधीच मिटलेलं असतं. मुलींची उसळी पाळी सुरू होण्याआधीच येऊन जाते, पाळीनंतर सरासरी पाच-सात सेंटिमीटरच वाढ उरते. त्यामुळे मुलगी सारखी मागे पडते आहे असं दिसलं तर नऊ-दहाव्या वर्षीच दाखवा. टर्नर सिंड्रोमसारखी (गुणसूत्रांतला एक जन्मजात दोष) कारणं फक्त मुलींमध्येच असतात आणि ती वेळेवर कळली तर उपचार आहेत.

राहिलं ते इंजेक्शन. क्रमाने शेवटी आलं, पण करायचं आधी हेच.

वाढीच्या संप्रेरकाची खरी इंजेक्शनं आहेत. 1985 पर्यंत हे संप्रेरक मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं, ते बंद पडलं, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत बनवलेलं वापरतात. ज्यांच्या शरीरात ते कमी असल्याचं तपासणीत सिद्ध झालंय अशांना, आणि आणखी काही ठरावीक आजारांत, ते रोज रात्री, वर्षानुवर्षं, महागड्या दराने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. लिओनेल मेस्सीला लहानपणी दिलं ते हेच, आणि त्याचं रीतसर निदान झालेलं होतं. व्यायामशाळेतला माणूस सहा महिन्यांत चार इंच म्हणतो तेव्हा त्याच्या कुपीत काय आहे हे त्यालाही बहुधा माहीत नसतं. ते पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं स्टेरॉइड असलं तर पुढचं मी सांगते: पहिले काही महिने पोरगा खरंच वाढेल, खांदे भरतील, तुम्ही त्या माणसाचे पाय धराल. आणि त्याच औषधाने हाडांच्या पट्ट्या वेळेआधी मिटतील. जो मुलगा उशिरा का होईना 165 ला पोचला असता तो 155 ला थांबेल. उशिरा वाढणाऱ्या मुलाकडे शिल्लक असतात ती पुढची वर्षं, आणि ही कुपी नेमकी तीच खाते.

त्या माणसाला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. दोन हजार परत मागा; देणार नाही, 'औषध मागवलंय' म्हणेल. सोडून द्या. मुलाला मात्र तिथे पुन्हा एकटं पाठवू नका, कारण आता कोर्स घ्यायची घाई तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त असणार.